दात दाखवण्याचं इंग्रजी

लातूर जिल्हा होऊन पाच-सहा वर्षं झाली होती, तरी गावाच्या तोंडून 'नवा जिल्हा' हे शब्द काही जात नव्हते. चौकात एखादी नवी पाटी लागली की लोक म्हणायचे, आता जिल्हा झालाय ना. नळाला आठ-आठ दिवस पाणी आलं नाही की तेच लोक म्हणायचे, जिल्हा नवा आहे, वेळ लागणारच. त्या सालीही पावसानं दडी मारली होती. टँकरचा हॉर्न वाजला की आमच्या गल्लीतल्या बाया घागरी घेऊन धावायच्या आणि त्यांच्यात मीही असायचे, पदर खोचून, शाळेला उशीर होतोय म्हणून चिडलेली.

मी तिथल्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवत होते. माझे वडील भोकरला रेल्वेत गँगमन होते. छप्पन साली आमच्या घरानं धम्म स्वीकारला, तेव्हा त्यांनी देव्हाऱ्याच्या जागी एक फळी ठोकली आणि तिच्यावर माझी पाटी-पुस्तकं ठेवली. "इंग्रजी शीक. मग तुला कुणाच्या दारात ताटकळायला लागायचं न्हाई," असं ते म्हणायचे. मी ते अक्षरशः खरं मानलं. बी. ए. झाले, बी. एड. झाले, आणि वर्गात उभी राहून हेच वाक्य जरा सुधारून दुसऱ्यांच्या पोरांना सांगायला लागले.

एक दिवस नर्सिंगच्या शाळेतल्या मुख्य सिस्टर माझ्याकडे आल्या. त्यांच्याकडे दहावी पास झालेल्या खेड्यापाड्यांतल्या मुली नर्सचं काम शिकायला यायच्या. "पोरी हुशार हायत," त्या म्हणाल्या, "पण वॉर्डात डॉक्टर इंग्रजीत बोलले की सगळ्या दगडासारख्या उभ्या. आठवड्यातून दोन दुपारी येऊन जरा बोलायला शिकवा." मी लगेच हो म्हटलं.

शिकवायला पुस्तक म्हणून माझ्याकडे एकच होतं, परदेशात छापलेलं, गुळगुळीत कागदाचं, रंगीत चित्रांचं. त्यात हॉटेलात काय बोलायचं, टपालघरात काय बोलायचं, असे धडे होते. एक धडा होता दाताच्या डॉक्टरकडे जाण्याचा. दवाखान्याशी जवळचा म्हणून मी तो निवडला. धड्यातला साहेब फोन करून वेळ ठरवतो, टाय लावून जातो, मऊ खुर्चीत बसतो. डॉक्टर म्हणतो, ओपन युवर माउथ, प्लीज. साहेब तोंड उघडतो. शेवटी डॉक्टर म्हणतो, नाउ रिन्स युवर माउथ, आणि साहेब शेजारच्या पेल्यातल्या पाण्यानं चूळ भरतो.

"रिन्स म्हणजे खळखळून चूळ भरणं," मी सांगितलं.

पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं चित्राकडे बोट केलं. "बाई, त्यो नळ तर चालूच हाय. बंद कोण करणार?"

सगळ्या हसल्या, मीही हसले. त्यांच्या वसतिगृहात माणशी दोन बादल्या मिळत होत्या.

मी दोन-दोन मुलींच्या जोड्या लावल्या. एक डॉक्टर, एक पेशंट. तोंड उघडायचं, दुखणारा दात दाखवायचा, आय हॅव अ टूथएक म्हणायचं, म्हणजे माझा दात दुखतो. हळूहळू वर्गात गलका झाला. एकच मुलगी मागच्या बाकावर गप्प बसून होती. ती मला पहिल्या दिवसापासून खटकत होती. वहीत तिचं अक्षर सगळ्यात सुरेख, लिहिलेलं सगळं बरोबर, पण बोलायला उभी केली की पदराचा बोळा तोंडाशी. ओठ हलायचे, आवाज पदरातच जिरायचा.

त्या दिवशी मी तिला पुढं बोलावलं. "आज तू पेशंट. बस खुर्चीत."

ती बसली. तिच्या जोडीची मुलगी म्हणाली, ओपन युवर माउथ, प्लीज. तिनं मान हलवली. नाही.

"हात काढ तोंडावरचा," मी म्हटलं.

"बाई, मला न्हाई जमत."

"न जमायला काय झालं? उद्या नर्स होऊन पेशंटशी पदरातूनच बोलणार का? इथं लाजायचं असेल तर घरी बसायचं होतं. काढ हात!"

तिनं हात काढला. डावा गाल सुजून टरटरीत झाला होता. आणि तिनं तोंड उघडलं, मी सांगितलं होतं म्हणून, पूर्ण उघडलं. पुढचे सगळे दात तपकिरी होते. नुसते पिवळट नव्हेत, तर करपलेल्या भाकरीवर पडतात तसे डाग आणि मध्येमध्ये टाचणीनं टोचल्यासारखे खड्डे. ती तशीच बसून राहिली, तोंड उघडं टाकून, डोळे छताकडे लावून. बंद कर, असं मी म्हणेपर्यंत तिनं ते बंद केलं नाही.

मला स्वतःचा इतका राग आला की पुढचा तास मी कसा संपवला, ते मला आठवत नाही.

तास संपल्यावर तिला बाजूला घेतलं. दाढ चार दिवसांपासून ठणकत होती. कुणाला दाखवलं नव्हतं. "दाखवायचं म्हंजे तोंड उघडावं लागतंय," ती म्हणाली. ती नांदेड जिल्ह्यातली होती, किनवट तालुक्यातली, इस्लापूरच्या पलीकडच्या एका गावची. वडील दुसऱ्याच्या रानात मजुरी करायचे. नात्यातली एक बाई लातुरात होती, म्हणून ती इतक्या लांब आली होती.

मुख्य सिस्टर म्हणाल्या, "नवा दाताचा डॉक्टर आलाय, त्याच्याकडे न्या. तुम्ही सोबत गेलात तर बरं, तुम्हाला इंग्रजी येतं." दात काढायला जाताना सोबतीला इंग्रजी येणारं माणूस लागतं, यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही वाटलं नाही. उलट जरा बरंच वाटलं.

दवाखाना नवा कोरा होता. पाटी फक्त इंग्रजीत. बाहेरच्या बाकावरचा धोतर नेसलेला एक म्हातारा ती पाटी न वाचता आल्यामुळं चार दुकानं हिंडून, विचारत विचारत आला होता. आत फिरणारी खुर्ची, पांढरा दिवा. डॉक्टर तिशीचा, टापटीप. त्याच्या हाताखाली एक शिकाऊ डॉक्टर होता. दोघं आपसात इंग्रजीत बोलत होते. मला वाटलं, परराज्यातले असतील.

मुलगी खुर्चीत बसली. डॉक्टरनं दिवा तोंडावर ओढला, आरशाची काडी आत घातली आणि शिकाऊ डॉक्टरला म्हणाला, "लुक ॲट दिस." मग इंग्रजीत बोलतच सुटला. तोंडाची स्वच्छता शून्य. तंबाखू, मिस्री. जन्मात ब्रश केलेला दिसत नाही. दीज पीपल विल नेव्हर लर्न. ही माणसं कधी सुधारायची नाहीत.

मुलगी आडवी पडून ऐकत होती. तोंडात काडी.

तेवढ्यात फोन वाजला. डॉक्टरनं रिसीव्हर उचलला. "हां, आई. जेवलीस का? अगं, मी येतो ना दोनपर्यंत. वरणात मीठ कमी घालायला सांग, तुझं बीपी वाढलंय." इतकं गोड, इतकं घरगुती मराठी! फोन ठेवला आणि पुन्हा इंग्रजी सुरू.

तिथं माझ्या अंगाची आग झाली. हा माणूस मराठी होता. आईशी मराठीत बोलणारा होता. फक्त खुर्चीत पडलेल्या माणसासमोर त्याला त्या माणसाला न कळणारी भाषा हवी होती, म्हणजे त्या माणसाबद्दल काहीही बोलायला तो मोकळा.

मग माझ्याकडे वळून त्यानं मराठीत विचारलं, "नाव लिहायचंय. आडनाव काय म्हणालात हिचं?"

मी सांगितलं. त्यानं किंचित मान हलवली. आडनाव ऐकल्यावर अशी मान हलवणारी माणसं मी लहानपणापासून ओळखते. ती काही बोलत नाहीत. फक्त त्यांना जे वाटत होतं ते बरोबर निघालं, एवढं त्या मानेत असतं. माझंही आडनाव त्यानं विचारलं असतं तर मान तशीच हलली असती.

आणि मी काय केलं? काही नाही. बी. ए., बी. एड., पंधरा वर्षं इंग्रजी शिकवणारी बाई, पर्स मांडीवर धरून बसून राहिले. मनात वाक्यं तयार होती, व्याकरणशुद्ध होती. तोंडातून एक बाहेर पडलं नाही. दाढ काढायची आहे, हा चिडला तर पोरीला त्रास देईल, असं मी स्वतःला समजावत होते. ते अर्धं खरं होतं.

बोलली ती. काडी बाहेर निघताच ती उठून बसली आणि पदर न घेता, सरळ त्याच्याकडे बघून म्हणाली, "सर, आय नो टोबॅको. नो मिस्री. डेली ब्रश, टू टाइम. माय मदर टीथ व्हाइट. माय बिग सिस्टर व्हाइट. ओन्ली आय, ब्राउन. आफ्टर बोरिंग वॉटर."

तंबाखू नाही, मिस्री नाही, रोज दोनदा ब्रश. आईचे दात पांढरे, थोरल्या बहिणीचे पांढरे, माझेच तपकिरी. बोअरचं पाणी आल्यावर.

डॉक्टर खूश झाला. "अरे वा! इंग्लिश! व्हेरी गुड! कुठं शिकलीस?" शिकाऊ डॉक्टरही हसला. पिंजऱ्यातला पोपट बोलला की लोक जसं 'पुन्हा बोल, पुन्हा बोल' करतात, तसं झालं. ती काय बोलली, ते दोघांपैकी एकानंही ऐकलं नाही. तिला पुन्हा आडवं केलं, सुई दिली, दाढ काढली. "ब्रश करत जा हं रोज," असं जाताना मराठीत सांगितलं.

रिक्षात बसल्यावर ती दाढेखालचा कापूस सांभाळत म्हणाली, "बाई, बराबर बोलले का मी?"

मी म्हटलं, "माय मदर्स टीथ. मदर टीथ नाही. आणि आर व्हाइट."

ती मान हलवून पुटपुटली, "माय मदर्स टीथ आर व्हाइट." सुजलेल्या तोंडानं, दोनदा.

आयुष्यात मी बऱ्याच गोष्टी चुकीच्या बोलले असेन, पण त्या रिक्षातली ती दुरुस्ती मला अजून टोचते. जे बोलायला माझी हिंमत झाली नाही, ते तिनं बोलून दाखवलं, आणि मी तिच्या षष्ठीचा प्रत्यय तपासत बसले.

त्या रात्री मला झोप लागली नाही, असं मी लिहिणार नाही. दमलेली होते, झोपले. पण सकाळी टँकरपाशी उभी असताना तिचं शेवटचं वाक्य एकदम आठवलं. आफ्टर बोरिंग वॉटर. दुपारी वसतिगृहात जाऊन मी तिला मराठीत विचारलं, "ते बोअरचं काय म्हणत होतीस?"

तेव्हा तिनं सगळं सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळात गावाची विहीर आटली. सरकारी गाडी आली, खोल बोअर घेतली, हातपंप बसवला. गाव तेव्हापासून तेच पाणी पिऊन राहिलं होतं. ती त्या वेळी रांगत होती. थोरली बहीण दहा वर्षांची होती, तिचे दुधाचे दात पडून पक्के आलेले. "मह्या मागून जितकी पोरं जन्मली, सगळ्यांचे असेच हायत, बाई. आमच्याच वस्तीतले न्हाई, पाटलाच्या घरचेबी. पंप एकच हाय ना." गावात याला नावसुद्धा होतं. बाहेरगावचे लोक त्यांना 'गंजक्या दाताचे' म्हणायचे. मुलींची लग्नं जुळायला अडचण यायची, पाहुणे यायचे आणि पोरगी हसली की उठून जायचे. सगळ्या गावाला माहीत होतं की हे पाण्यामुळं होतंय. कुणी विचारलंच नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्यासोबत गेले. लातूरहून नांदेडपर्यंत बसनं आणि तिथून रेल्वेनं. गाडी भोकर स्टेशनावरून गेली तेव्हा मी खिडकीतून बाहेर बघितलं, वडील असते तर त्यांना सांगितलं असतं कुठं चाललेय ते. इस्लापूरला उतरून पुढं जीप. सहस्रकुंडाचा एवढा मोठा धबधबा जवळ, आणि तिच्या गावच्या बाया एका हातपंपावर रांग लावून बसलेल्या. धबधब्यालाही त्या साली धार कमीच होती.

पंपाजवळ पोरं जमली. कुणीतरी लातूरहून बाई आली म्हणून ती हसत होती. मोकळेपणानं हसत होती, कारण त्या गावात सगळ्यांचेच दात सारखे होते. सात वर्षांची, दहा वर्षांची, पंधरा वर्षांची. पाटलाच्या घरचा कॉलेजात जाणारा मुलगा तेवढा ओठ मिटून उभा होता. एका म्हातारीनं मला पाणी दिलं आणि स्वतःचे मिस्रीनं काळे झालेले पण एकसंध, गुळगुळीत दात दाखवून म्हणाली, "बघ माय, मी जन्मभर मिस्री लावली. मह्ये बघ अन् मह्या नातीचे बघ."

मी दोन बाटल्या भरून घेतल्या.

आणि मग सुरू झाली कचेऱ्यांतली पायपीट. पाण्याशी संबंध असलेल्या एका कचेरीत मी लातुरातच गेले, जवळ होती म्हणून. टेबलामागच्या माणसानं गावाचं नाव ऐकून बाटली परत माझ्याकडे सरकवली. "बाई, हे आमच्या जिल्ह्यात येत नाही."

"मुलगी तुमच्या जिल्ह्यात शिकते."

"मुलगी येत असेल. पाणी येत नाही."

मग नांदेड जिल्ह्यातल्या कचेरीत गेले. तिथं विचारलं, तुम्ही गावच्या रहिवासी आहात का? नाही. सरपंचाचा अर्ज आहे का? नाही. मग तुम्ही कोण? मी म्हटलं, शिक्षिका. "कशाच्या?" इंग्रजीच्या. त्यावर तो माणूस मनापासून हसला. "मग पाण्याचं तुम्हाला काय पडलंय?"

सरपंचाचा अर्ज आणला. मग म्हणाले, बाटली सीलबंद पाहिजे. सीलबंद आणली. मग म्हणाले, तपासायची सोय इथं नाही, वर पाठवू. ती बाटली वर गेली की खाली खिडकीतच राहिली, मला आजवर कळलेलं नाही. एका गावातली पंधरा वर्षांतली सगळी पोरं तोंडावर हात ठेवून जगताहेत आणि इथं प्रश्न बाटलीच्या बुचाचा! मी तिथं ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या कचेरीत ओरडले. एका शिपायानं मला खुर्ची दिली आणि पाणी आणून दिलं, एवढंच झालं.

शेवटी रस्ता सापडला तो नांदेडातल्या एका वयस्कर डॉक्टरीणबाईंमुळं. मुख्य सिस्टर त्यांच्या हाताखाली शिकलेल्या होत्या. मुलीला घेऊन आम्ही गेलो. बाईंनी चष्मा वर केला, स्टूल ओढून तिच्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "बेटा, जरा खिडकीकडे तोंड कर. दाखव बघू." दहा सेकंदं बघितलं असेल. "कोणत्या पाण्यावर वाढलीस?"

आम्ही दोघी एकमेकींकडे बघायला लागलो. "बोअरच्या," ती म्हणाली.

"हा काही मळ न्हाई," बाई म्हणाल्या. "खोल बोअरच्या पाण्यात फ्लोराइड नावाचा क्षार जास्त असला की होतं असं. दात हिरडीत तयार होत असतानाच आतून डाग पडतात. घासून निघत न्हाईत. तुझी काहीएक चूक न्हाई."

इतके दिवस कोरड्या डोळ्यांनी हिंडलेली ती मुलगी तिथं रडली. बाईंनी तिला रडू दिलं. मग सांगितलं की तिचे डाग जाणार नाहीत, पण पुढच्या पोरांचे टाळता येतील. पहिली सहा-सात वर्षं त्यांच्या पोटात ते पाणी जाता कामा नये. उथळ विहिरीचं पाणी बहुतेक वेळा चांगलं असतं. बाईंच्या ओळखीनं एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत दुसरी बाटली तपासली गेली. कागद आला. बाई म्हणाल्या होत्या तेच त्यावर होतं.

तो कागद घेऊन मी पहिल्यांदा कुठं गेले असेन, तर त्या दाताच्या डॉक्टरकडे. दवाखाना भरलेला होता. मी आत गेले आणि मराठीत बोलले, बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात.

"डॉक्टर, तुम्ही त्या मुलीला तंबाखू खाणारी म्हणालात. ती तुमच्या खुर्चीत बसून तुम्हाला कारण सांगत होती. तुम्ही तिचं इंग्रजी ऐकलंत, तिचं म्हणणं ऐकलं नाहीत. हा कागद वाचा."

त्यानं वाचला. चेहरा थोडा उतरला, हे खरं. मग म्हणाला, "मॅडम, इतकं मनावर का घेताय? धावपळीत होतं असं. मुलीला पाठवा, मी फुकट पॉलिश करून देतो."

"घासून निघत नाहीत ते. हे तुम्ही मला सांगायचं, मी तुम्हाला नव्हे."

"मग काय करू म्हणता?"

"तिची माफी मागा. आणि तोंडात आरसा घातल्यावर ज्याचं तोंड आहे त्याच्या भाषेत बोला."

तो हसला, नाराजीनं. "आमचं सगळं शिक्षणच इंग्रजीत झालंय, मॅडम." बाकावरची माणसं माझ्याकडे बघत होती. त्यांचे दात दुखत होते. मी बाहेर पडले. माफी त्यानं कधी मागितली नाही.

नर्सिंगच्या वर्गात मी ते गुळगुळीत पुस्तक बंद केलं. त्या धड्यातल्या साहेबाला सगळ्या वाक्यांत 'येस, डॉक्टर' आणि 'थँक यू, डॉक्टर' एवढंच म्हणायला शिकवलं होतं. मी मुलींना विचारलं, डॉक्टरसमोर तुम्हाला काय म्हणावंसं वाटतं? आधी त्या बिचकल्या, मग भरभर सांगायला लागल्या. हे काय करून राहिलात, आधी सांगा. मला दुखून राहिलंय, थांबा. मी खोटं बोलत न्हाई. आधी मला विचारा. आम्ही ती वाक्यं फळ्यावर मराठीत लिहिली, मग इंग्रजीत केली. आणि त्याच्या शेजारी मी दुसरा रकाना आखला: उद्या तुम्ही नर्स व्हाल, तेव्हा खुर्चीतल्या माणसाला काय सांगाल? भिऊ नका. आता सुई टोचणार आहे. दुखलं तर हात वर करा. हा रकाना मी त्यांच्याकडून फक्त मराठीत करून घेतला. मागच्या बाकावरच्या त्या मुलीनं त्या दिवशी पुढच्या बाकावरून, पदर खांद्यावर ठेवून, सगळी वाक्यं मोठ्यानं वाचली. फळ्यावर माझी एक चूक झाली होती, ती तिनं दाखवली.

ती पास झाली. दोन-तीन वर्षांनी किनवट तालुक्यातच नर्स म्हणून लागली, तिच्या गावापासून जवळच्या उपकेंद्रात. मग तिची पत्रं यायची, मराठीत, तेच सुरेख अक्षर. प्रयोगशाळेचा कागद जोडून आम्ही पुन्हा अर्ज केले होते; त्यांचा कुठंतरी परिणाम झाला असावा, कारण एक दिवस गावात गाडी आली आणि माणसांनी हातपंपाला लाल रंग फासला. पाणी पिण्यास अयोग्य. आणि गाडी निघून गेली. दुसरं पाणी काही दिलं नाही. लाल पंपावर दुसऱ्या दिवशी सकाळी तीच रांग होती. ते पत्र वाचून मी संतापले. लोकांना विषाचं नाव सांगायचं आणि तेच प्यायला सोडून द्यायचं, याला काय म्हणायचं?

तिनं मात्र संतापत बसून वेळ घालवला नाही. ओढ्याच्या काठाला जुनी विहीर होती, गाळानं भरलेली. तिनं दोन्ही वस्त्यांतल्या आयांना गोळा केलं. गाळ काढून घेतला. विहिरीला पाणी थोडंच लागलं, सगळ्या गावाला पुरणारं नव्हतं. मग तिनं नेम घालून दिला: विहिरीचं पाणी सात वर्षांच्या आतल्या पोरांना आणि पोटुशी बाईला. मोठ्यांनी पंपाचं प्यायचं. प्रत्येक घरात एक वेगळी घागर, तिला चुना लावून पांढरी केलेली. पाटलाच्या सुनेनं आणि माझ्या या विद्यार्थिनीच्या आईनं एकाच पोहऱ्यानं पाणी शेंदलं. त्यावरून चार दिवस कुरबुर झाली. एका म्हाताऱ्यानं विहीर बाटली म्हणून बोंब मारली. तेव्हा पाटलाचा तो कॉलेजात शिकलेला मुलगा पारावर जाऊन उभा राहिला आणि त्यानं सगळ्यांसमोर तोंड उघडून दाखवलं. कुरबुर थांबली.

मधे बरीच वर्षं गेली. परवा नांदेडच्या बसस्टँडवर ती मला अचानक भेटली. केस पिकलेत, नोकरी संपत आलीय. सोबत भाचीची मुलगी होती, शाळेच्या गणवेशात, एका हातात उसाचं कांडकं. ती ते दातांनी सोलून खात होती.

"बाई, ही आमच्या गावातच वाढली," ती म्हणाली. "हिच्या वर्गातल्या कुणाचेच तसे न्हाईत आता."

मी विचारलं, सरकारची नळयोजना आली का शेवटी?

"पाइप आलेत," ती म्हणाली. "टाकीबी बांधली. पाणी सोडायचं ऱ्हायलंय. परवाच पुन्हा अर्ज देऊन आले."

तिची गाडी लागली. ती मुलीला घेऊन चढली आणि खिडकीतून मला सांगायला लागली की कोणत्या टेबलावर कोण बसतं, आणि मी पुढच्या आठवड्यात नांदेडात असले तर तिच्यासोबत जायचं.